मोटारीचा पोचा आणि विम्याचें बिल

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं सोनगीरचें नांव खानदेशांत जुनें आहे. घंगाळास पोचा पडला तर तांबट तो ठोकून काढतो आणि मजुरी घेतो ती पोच्याची; घंगाळाची नव्हे. जुनें भांडें मोडींत घातलें तर घट वजा होऊनच पैसे मिळतात, व त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. परंतु त्याच घरची मोटार मुंबई-आग्रा महामार्गाकडे वळतांना एखाद्या ट्रॉलीस किंचित् घासली, कीं हा सारा व्यवहारधर्म पार बदलतो. पोचा एका दाराला. बिल मात्र दोन दारें, बंपर, दिवा आणि एका बाजूचा संपूर्ण रंग यांचें!

नुकतीच कानावर आलेली एक हकीकत सांगतों. एका सुशिक्षित कुटुंबांतील तरुण अशीच घासलेली गाडी घेऊन दुरुस्तीच्या कारखान्यांत गेला. बरोबर त्याचे वडील व आठ वर्षांचा पुतण्या होता. तेथील कारकून म्हणाला, "काका, विमा आहे ना? मग मागचा ओरखडाही यांतच बसवूं. तुमच्या खिशाला झळ नाहीं." वडिलांनीं मान डोलाविली. तेवढ्यांत तो मुलगा म्हणाला, "आजोबा, तो ओरखडा तर दिवाळींत आपल्याच फाटकाचा लागला होता!" त्यास गप्प बसविण्यांत आलें. संध्याकाळीं याच आजोबांनीं त्याच्याकडून रोजच्याप्रमाणें सुभाषितें म्हणवून घेतलीं असतील, यांत मला शंका नाहीं.

"पैसे कंपनीचे जातात, आपलें काय?" हा यावरील नेहमींचा युक्तिवाद. परंतु कंपनीजवळ टांकसाळ नाहीं. हजारों मोटारवाल्यांनीं भरलेल्या हप्त्यांतूनच ज्याची गाडी आपटली त्याची भरपाई होते. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनीं मिळून चालविलेला उद्योग, हें एक आहे. त्याच प्रकरणीं याज्ञवल्क्य कपटी भागीदारास लाभ न देतां बाहेर काढावयास सांगतो. विमा म्हणजे अगदीं तोच व्यवहार नव्हे हें मी जाणतों. पण सामाईक थैलींत हात घालणारा कोणास लुबाडतो, हें समजण्यास तेवढें साम्य पुरेसें आहे.

आतां थोडें गणित करूं. दुसऱ्याच्या हानीपुरता विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक. या ऐच्छिक भागावर, मागणी न करणारास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटीं 50 टक्के सूट मिळते. एक मागणी केली कीं, खास संरक्षण विकत घेतलें नसल्यास, ही शिडी पुन्हां पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा, सुटीपूर्वींचा हप्ता 10,000 रुपये आहे, तो तसाच राहिला, आणि आपण 5,000 भरीत आहां. मागणीनंतरच्या पांच वर्षांत आपणांस अनुक्रमें 10,000, 8,000, 7,500, 6,500 व 5,500 भरावे लागतील. म्हणजे 25,000 च्या जागीं 37,500. आणि पदरांत काय पडलें? बिल 8,000 चें, पैकीं निम्मी रक्कम प्लॅस्टिकच्या बंपरची असेल, तर सामान्य विम्यांत बंपरवर 50 टक्के घसारा जातो. लहान गाडीस 1,000 रुपयांची सक्तीची वजावटही आहे. उरले 5,000. त्यांसाठीं 12,500 घालविले!

येथेंच खरी मेख आहे. लहान मागणीनें तोटा होतो हें कारखान्याच्या कारकुनास पक्कें ठाऊक असतें, म्हणून तो म्हणतो, "सूट तर जाणारच, मग बिल तरी मोठें करूं." तोटा टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे मागणीच न करणें, तो मात्र तो सुचवीत नाहीं, कारण त्याचें पोट बिलावर भरतें. आणि मागणीपत्रावर अपघाताची तारीख, स्थळ, चालकाचें नांव लिहून खालीं सही होते ती त्याची नव्हे, आपली. खोट्या कथनानें पैसे उकळणें ही फसवणूक होय. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें 318 वें कलम तिच्याचसाठीं आहे.

कंपन्या सगळ्या हरिश्चंद्राचे अवतार आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. रास्त मागणींतही काटछांट होते, आणि "कापणारच आहेत, म्हणून वाढवून लिहा" ही युक्ति तेथूनच निघाली. परंतु तिच्यावर उपाय निराळा आहे. सर्वेक्षकाचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें 2009 मध्यें एका मालमोटारीच्या प्रकरणीं स्पष्ट केलें आहे. कंपनीनें दाद दिली नाहीं तर विमा-लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करतां येते, ग्राहक आयोगही आहेत. खऱ्या आंकड्यावर भांडणारास तेथें ताठ मानेनें उभें राहतां येतें; फुगविलेल्या आंकड्यावर भांडणारास स्वतःचीच कागदपत्रें नडतात.

तेव्हां गाडी घासल्यास जागेवरच छायाचित्रें घ्यावींत, जुने ओरखडे वेगळे दाखवावेत, आणि अंदाजपत्रक हातीं आल्यावर वरील हिशेब घरांत बसून करावा. किरकोळ पोचा स्वतःच्या पैशानें काढावा. सांठलेली सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकतांना तिचें पत्र कंपनीकडून मागून घेतल्यास तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीस ती लागूं होते. पुष्कळजण तें पत्र मागावयाचेंच विसरतात.