निर्दोष सुटल्यानंतर पोलिसांकडील नमुन्यांचे काय?

गुन्ह्याच्या तपासात अटक झालेली व्यक्ती निर्दोष ठरली, तर तिच्या बोटांचे ठसे, छायाचित्रे आणि रक्ताचा नमुना पोलिसांनी किती काळ जवळ ठेवावा? फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा ४ ऑगस्ट २०२२ रोजी लागू झाल्यापासून हा प्रश्न देशभर विचारला जात आहे. उत्तर प्रदेशात मात्र तो नवा नाही.

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात लखनौ प्रशासनाने हजरतगंजसह शहरातील गजबजलेल्या चौकांत मोठे फलक लावले. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधी आंदोलनात डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या हिंसाचाराचा आरोप असलेल्या पन्नासहून अधिक व्यक्तींची नावे, छायाचित्रे आणि पत्ते त्यांवर होते. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच घराचा पत्ता चौकात लागला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुख्य न्यायमूर्ती गोविंद माथूर व न्यायमूर्ती रमेश सिन्हा यांच्या खंडपीठाने ९ मार्च रोजी फलक काढून टाकण्याचा आदेश दिला. हा खासगीपणात अवाजवी हस्तक्षेप असल्याचे न्यायालयाचे मत होते. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे या आदेशाला स्थगिती मिळाली नाही. असे फलक लावण्यास कोणत्या कायद्याचा आधार आहे, अशी विचारणा मात्र झाली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

फलक निदान दिसतो तरी. पोलीस ठाण्यातील नोंदवही दिसत नाही, आणि याच राज्यातील खरक सिंह यांचा लढा त्या नोंदवहीशीच होता. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडून देण्यात आले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची ‘हिस्टरी शीट’ उघडली. रात्री-अपरात्री पोलीस दार ठोठावत, गावाबाहेर जायचे तर चौकीदाराला कळवावे लागे. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण पाळतीचे बाकीचे नियम कायम ठेवले. राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि न्यायमूर्ती शहा यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने मान्य केले आणि खरक सिंह निकालातील विरुद्ध भाग रद्दबातल झाला. त्याला जवळपास ५५ वर्षे लागली.

डीएनएच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. बोटाचा ठसा एकाच व्यक्तीचा असतो. डीएनएवरून तिच्या आईवडिलांचा आणि भावंडांचाही माग लागू शकतो. प्रयोगशाळेत तयार होणारी डीएनए आलेखाची नोंद म्हणजे काही आकड्यांची मालिका असते. मूळ नमुना मात्र जपून ठेवला, तर त्यातून आनुवंशिक आजारांची माहितीही काढता येते. त्यामुळे काय ठेवले जाते, हेही ‘किती काळ’ इतकेच महत्त्वाचे ठरते.

२०२२ च्या कायद्यात डीएनए हा शब्द नाही. ‘जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण’ असा उल्लेख आहे. स्त्रिया वा बालकांविरुद्धचे गुन्हे आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेचे गुन्हे वगळता अटक झालेली व्यक्ती जैविक नमुना देण्यास नकार देऊ शकते. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहतात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास त्या नष्ट करण्याची तरतूद आहे, पण ‘सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर’. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सरकारने उच्च व पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील केले, तर तोवर नोंद जागच्या जागी. शिवाय न्यायालय वा दंडाधिकारी कारणे लेखी नोंदवून ती राखून ठेवण्यास सांगू शकतात. १९२० चा ब्रिटिशकालीन कायदा या एका बाबतीत सौम्य होता. त्यात कारणे नोंदवून नोंदी राखण्याची मुभा होतीच, परंतु त्या नष्ट कराव्यात किंवा संबंधितालाच परत द्याव्यात, असे म्हटले होते.

ब्रिटनमध्ये याच वादाचा निकाल ४ डिसेंबर २००८ रोजी लागला. शेफील्डमधील एका मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी अटक झाली होती. तो निर्दोष सुटला. दुसऱ्या एका व्यक्तीवरील खटला मागे घेण्यात आला होता. दोघांचेही ठसे आणि डीएनए पोलिसांनी बेमुदत ठेवले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १७ न्यायाधीशांनी एकमताने हा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने २०१२ मध्ये कायदा करून मुदती आखल्या.

भारतात डीएनएसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा प्रयत्न अपुरा राहिला. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले डीएनए तंत्रज्ञान विधेयक संसदीय स्थायी समितीच्या अहवालानंतरही पुढे सरकले नाही आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यात संशयित आणि कच्चे कैदी यांच्या डीएनए नोंदी कधी काढून टाकायच्या, याच्या तरतुदी होत्या.

त्यामुळे लखनौच्या न्यायालयातून निर्दोष सुटलेल्या व्यक्तीपुढे सध्या २०२२ च्या कायद्याखालील नियमांचाच मार्ग उरतो. नोंद नष्ट करण्याची विनंती राज्य सरकारने नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याकडे करावी लागते. ती नोंद अन्य कोणत्याही गुन्ह्याशी जोडलेली नाही, याची खात्री करून तो अधिकारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे शिफारस करतो. नोंदी नष्ट करा, अशी आज्ञा कायदा शासनाला देतो. अर्ज घेऊन जाण्याचे काम मात्र सुटलेल्या माणसाकडे येते, आणि अशी तरतूद आहे हे त्याला आधी ठाऊक असावे लागते.