बोलके यंत्र आणि मुका सातबारा

लग्न जमवणारा आणि जागा मिळवून देणारा, या दोघांच्या बोलण्यातले निम्मे सोडून द्यावे, असा आपल्याकडे समज आहे. मी त्यांतला दुसरा. नगर शहरात – कागदोपत्री आता अहिल्यानगर म्हणायचे – गेली सव्वीस वर्षे मी घरांची आणि जमिनींची दलाली करतो आहे. तो समज अगदीच निराधार आहे असे मी म्हटले, तरी त्यातलेही निम्मे तुम्ही सोडून द्यालच!

पण वाचकहो, आमच्या धंद्यात अलीकडे एक तिसराच बोलणारा आला आहे. तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी जगापुढे आले आणि बघता बघता असली यंत्रे आमच्यासारख्यांच्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचली. काय हवे ते साध्या मराठीत लिहायचे. या लिहिण्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात; आपण ‘सूचना’ म्हणू. सूचना दिली, की चहा कपात ओतेपर्यंत मजकूर तयार!

या यंत्राने माझे श्रम वाचवले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. वडिलांचा फ्लॅट विकायचा असतो आणि मुलगा असतो अमेरिकेत. त्याला कुलमुखत्यारपत्राविषयी इंग्रजीत नीट पत्र लिहायचे असते. भाडे थकवणाऱ्याला गोड शब्दांत, पण पैसे मागितल्यावाचून न सोडणारा निरोप धाडायचा असतो. चाळीस पानी करारनामा समोर आला, तर मी यंत्राला सांगतो, “ताबा कधी आणि उशीर झाल्यास काय, हे कोणत्या कलमात आहे ते कलमाच्या क्रमांकासह सांग.” मग ते कलम मी स्वतः चष्मा लावून वाचतो. यंत्राने पान दाखवावे, वाचायचे आपण. गिऱ्हाइकाचे आधार आणि पॅन मात्र मी त्याच्या हाती कधीच देत नाही.

आता त्याची खोड ऐका. “सावेडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरा मजला, जाहिरात लिही,” एवढेच सांगून पाहा. ते लिहिते, “चोवीस तास पाणी, प्रशस्त वाहनतळ, शाळा-बाजार हाकेच्या अंतरावर!” यातले एक अक्षरही आपण सांगितलेले नसते. मग हे आले कुठून? हजारो जाहिराती वाचून ते शिकले आहे आणि जाहिरातींत तेच तर असते. थोडक्यात, दलालांची जुनी सवय शिष्याने तंतोतंत उचलली आहे.

म्हणून माझी सूचना आता पुढीलप्रमाणे असते: “खाली दिलेल्या बाबींखेरीज एकही बाब घालू नकोस. जे माहीत नाही तिथे ‘चौकशी करावी’ असे लिही. ‘आलिशान’ आणि ‘स्वप्नातील’ हे शब्द नकोत. लिफ्ट नाही आणि पाणी एक दिवसाआड येते, हे पहिल्या चार ओळींत सांग.” अशा जाहिरातीला फोन कमी येतात, पण जे येतात ते जिना चढायची तयारी ठेवूनच येतात.

मोजमापाचेही तसेच. सातबाऱ्यावर क्षेत्र असते हेक्टर-आरमध्ये आणि बोलीत असतो गुंठा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर सुमारे १,०७६ फुटांचा. सूचनेत हा फरक बजावला नाही, तर यंत्र दोन्ही एकच धरून मोकळे होऊ शकते. चाळीस आर म्हणजे चाळीस गुंठे धरले, की पाचशे चौरस फूट हवेत! तेवढ्यात एका जोडप्याचे बिऱ्हाड मावते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतर महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचा कारभार सुरू झाला. प्रकल्पातली घरे विकायची तर दलालाला नोंदणी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीचा क्रमांक मला आहे, यंत्राला नाही. मजकूर त्याचा असला, तरी जबाब माझा.

परंतु सूचना देणाऱ्याची खरी कसोटी कशी असते, ते मला हिवरे बाजारने दाखवले.

पुण्याचे एक सुखवस्तू जोडपे माझ्याकडे आले. या गावाविषयी त्यांनी पुष्कळ वाचले होते. “तिथेच एक एकर बघा,” गृहस्थ म्हणाले, “पैशाची चिंता करू नका.” मी म्हटले, “साहेब, ते गाव बाहेरच्याला जमीन विकत नाही. तसा ग्रामसभेचा निर्णयच आहे. शिवाय तुम्ही शेतकरी नसाल, तर परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही.” ते हसले. “एक चांगले पत्र तर लिहून बघा. तुमच्याकडे ते यंत्र आहे ना?”

पत्र उतरवून पाहायला काय जाते, म्हणून मी त्यांच्यादेखतच सूचना दिली. पत्र खरोखर उत्तम उतरले. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, शेतीतली अनिश्चितता, हातात येणारी रोख रक्कम, सारे काही त्यात होते. वाचताना मलाच वाटले, माझी जमीन असती तर विकून टाकली असती! आणि तिथेच मी थांबलो. ज्या गावाची हकिकत मला ठाऊक होती, त्या गावाचा या पत्रात मागमूस नव्हता.

ती हकिकत अशी. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या पडझडीने हे गाव खचले होते. माणसे पोटासाठी शहरांकडे गेली होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी पाळली. पाणी जमिनीत मुरू लागले. पण मुरलेले पाणी राखणे त्याहून कठीण. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नकोत, असे ठरले. दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. आधी माणसांच्या आणि गुरांच्या पिण्याचे, मग पिकांचे. गेलेली कुटुंबे गावी परतली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

जमीन न विकण्याचा अर्थ इथे उमगतो. जमीन एकाची असते. तिच्याखालचे पाणी सगळ्यांचे. बाहेरचा धनिक आला, त्याने खोल छिद्र पाडले, की तीस वर्षांचा घाम त्याच्या बागेतल्या हिरवळीवर उडायचा. आणि हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. सातबारा मुका असतो. त्यावर धारकाचे नाव असते, पीक असते, बोजा असतो. गावाचा शब्द नसतो. मग तो यंत्राला कुठून कळणार?

मी हे सगळे त्या दोघांना सांगितले. गृहस्थ जरा नाराज झाले, बाई मात्र म्हणाल्या, “अहो, ज्यांनी जमीन विकली नाही म्हणून ते गाव आपल्याला आवडले, त्यांनाच विका म्हणून कसे सांगायचे?” पत्र तिथेच पुसले. दलाली गेली, पण मी चहा मनापासून पाजला.

पाडव्याच्या मुहूर्तावर घराचा विसार देणारी कितीतरी कुटुंबे हा अंक वाचीत असतील. त्यांना एवढेच सांगेन: जाहिरातीची भाषा गोड आहे म्हणून भुलू नका, कारण गोड भाषा आता फुकट मिळते. दलालाला विचारा, “हे तुम्ही स्वतः जाऊन पाहिले का? वैशाखात इथे पाणी किती असते? यातले कोणते वाक्य तुम्ही सही करून द्याल?” उत्तर देताना त्याने फोनकडे पाहिले, तर दुसरा दलाल गाठा.