दाखल्यावरचें नांव

पिरंगुटहून पुण्याच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या तृतीयपंथी विद्यार्थ्याची एक अडचण कागदाची, दुसरी देहाची. पहिली कायद्यानें पुष्कळ हलकी केली. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं स्वतःचें लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थांतील भेदभाव निषिद्ध ठरविला. २०२० च्या नियमांनीं जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून दाखल्यांतील नांव पालटण्याची सोय केली.

पेहराव आणि निवास यांचें तसें नाहीं. अमेरिकेंत कृष्णवर्णीय तरुणांसाठीं निघालेल्या मोरहाउस महाविद्यालयानें २००९ मध्यें विद्यार्थ्यांस स्त्रीवेषाची बंदी केली, आणि दहाच वर्षांनीं, जन्मनोंद कांहींही असो, पुरुष म्हणून जगणाऱ्यास प्रवेश देण्याचें जाहीर केलें. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत २०१७ सालीं लिंगभेदरहित वसतिगृहविभाग सुरू झाला. रोज ये-जा करणाऱ्यास खोली नको असते; परंतु दोहोंपैकीं कोणत्या स्वच्छतागृहांत जावें हें न उमगल्यानें जो दिवसभर पाणीच पीत नाहीं, त्याची अडचण कोणत्याही दाखल्यावर नोंदलेली नसते.