धूर, हवा आणि द्राक्षवेल : एकलहऱ्याची पंचावन्न वर्षं

नाशिकरोडच्या पूर्वेला, गोदाकाठी वसलेल्या एकलहऱ्यात 1970 साली औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. दुसरा 1971 मध्ये आला. मग 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे आणखी तीन संच लागले. त्याच दशकांत ओढा, लाखलगाव, हिंगणवेढे, सामनगाव या शिवारांपासून थेट निफाडपर्यंत द्राक्षबागा पसरत गेल्या. एक इतिहास ऊर्जा खात्याच्या कागदांत लिहिला गेला, दुसरा बागाईतदारांच्या वहीत. पंचावन्न वर्षांनी ते एकत्र वाचले, तर एक तफावत ठळक दिसते. या काळात हवा झपाट्यानं बदलली, आणि त्या हवेत वाढणारी वेल जवळजवळ होती तशीच राहिली.

वीज केंद्रासाठी ही जागा सोयीची होती. गोदावरी-दारणेचं पाणी जवळ, रेल्वे हाताशी आणि नाशिक-मुंबईची विजेची भूक वाढती. कोळसा मुख्यतः विदर्भाकडून मालगाड्यांनी येऊ लागला. केंद्रासाठी गावकऱ्यांनी जमिनी दिल्या. वसाहत उभी राहिली, कित्येक घरांत पहिला पगार ‘थर्मल’चा आला. महाराष्ट्राच्या ग्रिडवर याच काळात विहिरींवरच्या मोटारी चालल्या, पुढं ठिबक आलं, शीतगृहं आली आणि द्राक्षं परदेशी जाऊ लागली. त्यामुळे चिमणीला खलनायक ठरवून हा मागोवा संपवता येत नाही. बागेच्या भरभराटीत तिचाही वाटा आहे.

पण जळतंय काय, ते नीट पाहायला हवं. विदर्भातला दगडी कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडोऱ्याचा आहे. त्या झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आपलं लाकूड-पान घडवलं, ते दलदलीत गाडलं गेलं आणि तो कार्बन जमिनीखाली कुलूपबंद झाला. कोळशापासून एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 210 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालला, तर सुमारे 50 लाख युनिट वीज तयार होते आणि 5,000 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाखो वर्षं सावकाश साठलेलं एका माणसाच्या आयुष्यात मोकळं होतं.

चिमणीतून निघणाऱ्या दोन गोष्टींचे हिशेब वेगळे आहेत. राख जवळ पडते. आपल्या कोळशात ती तीस-चाळीस टक्के असते. म्हणून परिसरातल्या लोकांची तक्रार कायम राखेची राहिली. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पानांवर राख, वाऱ्याच्या दिवसांत घरात राख. ती डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बोललं गेलं. धूळ पकडणारी यंत्रणा आली, राखेपासून विटा आणि सिमेंट बनू लागलं. कार्बन डायऑक्साइड मात्र दिसत नाही, वास येत नाही आणि तो एकलहऱ्यात थांबतही नाही. वर्षभरात तो जगभरच्या हवेत मिसळून जातो, आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतकं तिथंच राहतो. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून या वायूची नोंद होते. एकलहऱ्याचा पहिला संच फिरू लागला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 325 भाग होता. 2024 मध्ये हे प्रमाण सरासरी 424 च्या घरात पोचलं. म्हणून लाखलगावच्या बागेतली गारपीट एकलहऱ्याच्या चिमणीनं आणली, असं म्हणणं चूक ठरेल. जगभरच्या हजारो चिमण्यांनी मिळून हवा बदलली आणि त्या हजारांत ही एक आहे, एवढंच खरं आहे.

आता वेलीकडे वळू. सत्तरच्या दशकात इथं थॉमसन सीडलेस रुजली. तिच्या मण्यात बी धरायला सुरुवात होते, पण गर्भ वाढीआधीच खुंटतो. बी मण्याला फुगवणारं जिबरेलिन तयार करतं. इथं बीच नाही, म्हणून शेतकरी घड जिबरेलिनच्या (जीए) द्रावणात बुडवतो. आणि बी नसल्यानं लागवड होते ती काडीनं. काडीचा डोळा फुटतो, त्याच्या टोकाशी पेशी दुभंगत जातात. प्रत्येक विभाजनाआधी पेशी आपल्या 38 गुणसूत्रांची प्रत काढते, त्या प्रती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, दोन टोकांकडे ओढल्या जातात आणि दोन्ही नव्या पेशींना तीच 38 गुणसूत्रं मिळतात. याला समविभाजन म्हणतात. परिणाम असा, की नाशिकमधल्या थॉमसनच्या लाखो वेली म्हणजे जनुकांच्या हिशेबानं जवळपास एकच वेल आहे.

बियांतून होणारी वाढ वेगळी असते. परागकण आणि बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं. गुणसूत्रांच्या 19 जोड्यांतले तुकडे आपसात बदलतात, मग जोड्या विलग होतात, आणि पत्त्यांचा जोड पिसावा तशी प्रत्येक बीला नवी मांडणी मिळते. त्यातून एखादं रोप थंडी सोसतं, एखादं बुरशी. द्राक्षाच्या बाबतीत हे पिसणं आपण थांबवलं. गोडी, रंग, लांबट मणी असे बाजाराला हवे ते गुण पक्के राहावेत म्हणून थांबवलं, आणि त्याला कारणही होतं. किंमत एवढीच, की वेलीला नव्या हवेसाठी काही नवं शोधण्याची वाट बंद झाली.

पूर्ण बंद नाही. वेलीच्या गुणसूत्रांत लिहिलेल्या सुमारे 50 कोटी अक्षरांच्या मजकुराची प्रत काढताना क्वचित कुठं चूक राहते. अशी चूक एखाद्या डोळ्यात झाली, तर त्या डोळ्याची अख्खी फांदी वेगळी निघते. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीतला हा सगळ्यात अभिमानाचा अध्याय आहे. सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या बोरगावला थॉमसनच्या अशाच वेगळ्या वेलीतून तास-ए-गणेश निवडली गेली. सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळी शरद सीडलेस पुढं आणली. प्रयोगशाळा नव्हती, जनुकाची अक्षरं वाचणारं यंत्र नव्हतं. रोज ओळींतून फिरणाऱ्या माणसाला एक फांदी बाकीच्यांसारखी नाही हे दिसलं आणि त्यानं तिची काडी जपली. या वाणांनी नाशिकची निर्यात उभी केली. पण निवड झाली ती मण्याच्या रूपाची आणि लांबीची. पावसात टिकण्याचा गुण त्या निवडीत नव्हता.

मुळांच्या बाबतीत आपण आधी शहाणे झालो. क्षारपड जमिनी आणि पाणीटंचाई यांमुळे नव्वदच्या दशकापासून टेक्सासच्या रानवेलीतून आलेल्या डॉगरिज खुंटावर कलम करणं रूढ झालं. आज बहुतेक बागांत जमिनीखाली एक जनुकसंच आणि वर दुसरा, असा संसार चालतो. जनुकांची विविधता पीक वाचवते, याचा तो घरचाच पुरावा आहे.

मग हवेनं दणके द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळाचा पाऊस, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट, 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड परिसरात अवकाळी पाऊस आणि गारा. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तो पाऊस एकदम पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 नंतरच्या साडेसहा दशकांत मध्य भारतातले दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले.

गारेची इजा सगळ्यांना दिसते. ढगाळ उन्हाळ्याची इजा भिंगाखाली दिसते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत पेशींचे चिमुकले पुंजके तयार होतात. ऊन भरपूर मिळालं तर तो पुंजका घड होतो. ऊन कमी पडलं तर तोच पुंजका तणाव्याकडे वळतो. ऑक्टोबर छाटणीआधी शेतकरी काड्या घेऊन तपासणीला जातात. डोळा पात्यानं उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. सूक्ष्म घड दिसला तर किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरतं, आणि नाही दिसला तर वर्षभराचा हिशेब तिथंच कळतो. 2025 मध्ये मेमध्येच पावसानं ठाण मांडलं, 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला आणि नेमक्या याच नाजूक आठवड्यांत आभाळ झाकलेलं राहिलं. माल न धरलेल्या ओळी त्या हंगामात अनेकांनी पाहिल्या.

द्राक्षावरच्या डावण्या रोगाची गोष्ट उलट दिशेनं बोलकी आहे. ओल मिळाली की त्याची पिढी काही दिवसांत पुरी होते. एका हंगामात त्याच्या अनेक पिढ्या होतात आणि प्रत्येक पिढीत प्रतीच्या नव्या चुका. अझॉक्झिस्ट्रोबीनच्या गटातली औषधं निष्प्रभ करायला त्याला एका प्रथिनातला एक घटक बदलणं पुरलं. असा प्रतिकारक डावण्या महाराष्ट्राच्या बागांत असल्याची शास्त्रीय नोंद 2016 मध्ये झाली. रोग पिढ्यांमागून पिढ्या बदलतोय, हवा दशकांमागून दशकं बदलतेय आणि आपण दहा-पंधरा वर्षांसाठी तीच काडी लावतोय. फवारण्या वाढतात त्या यामुळे.

या पंचावन्न वर्षांतून मला दोन कामं निघताना दिसतात. पहिलं वेलीचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं अमेरिकी कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून बुरशीला तोंड देणारा एआरआय-516 तयार केला. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून नव्या वाणांवर काम करतंय. हे काम बियांतून, म्हणजे पत्ते पुन्हा पिसून चालतं. त्याला वेळ लागतो, म्हणून त्याला पैसा, शेत आणि बागाईतदाराचा धीर आजच मिळायला हवा. प्लास्टिकचं आच्छादन एखादा हंगाम वाचवेल, पण वाणाची उणीव त्यानं भरून निघणार नाही.

दुसरं काम चिमणीचं. एकलहऱ्याचे पहिले दोन संच कायमचे बंद झाले. उरलेले 630 मेगावॅटचे तीन संच चाळिशी ओलांडून गेलेत. त्यांच्या जागी काय यावं, हा प्रश्न केवळ वीज खात्याचा नाही. इथं पारेषणाच्या वाहिन्या आहेत, जमीन आहे, यंत्रं सांभाळण्याची पिढीजात सवय असलेली माणसं आहेत. सौरऊर्जा आणि वीज साठवण्याच्या सोयीसाठी याहून तयार जागा सहज सापडणार नाही, आणि जमिनी दिलेल्या घरांना त्या कामात पहिला हक्क मिळायला हवा. वेल सुधारायला वीस वर्षं लागतील. तेवढी वीस वर्षं तिला मिळावीत, यासाठी हवा बिघडण्याचा वेग कमी करणं आपल्या हातात आहे, आणि ते एकलहऱ्यापासूनच सुरू करता येईल.