नैराश्य, चिंताविकार आणि जनजागृती: ‘लिव्ह लव्ह लाफ’ संस्थेचे उदाहरण



मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा प्रात्यक्षिकांना येईनासा झाला. बोलावून विचारले, तर म्हणाला, “काही नाही सर, झोप लागत नाही.” मी सांगितले, “रात्री मोबाइल कमी बघ आणि जर्नल पूर्ण कर.” विषय तिथेच संपला. पुढे त्याने ते सत्र सोडले. त्याला नैराश्य होते, हे मला त्याच्या आईकडून कळले. उपचार घेऊन तो परत आला आणि पदवीही मिळवली. पण त्या दिवशी मी आणखी एकदा विचारले असते, तर त्याचे वर्ष वाचले असते का, हा प्रश्न माझ्यापाशी राहिला. हा पाठ त्या प्रश्नातूनच लिहिला आहे.

१. आजार कशाला म्हणायचे?

परीक्षेत नापास झाल्यावर वाईट वाटणे हा आजार नव्हे. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ, किमान २ आठवडे टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, थकवा आला, स्वतःला दोष देणे वाढले, तर नैराश्याची शंका घ्यावी. चिंताविकारात काळजी कारणाच्या मानाने फार मोठी असते आणि महिनोन्महिने हटत नाही. छातीत धडधड, घाम, स्नायू ताठणे, चिडचिड ही तिची शारीरिक रूपे. हे दोन्ही आजार अनेकदा एकत्र आढळतात. निदान मात्र तज्ज्ञानेच करायचे.

२. गळती कुठे होते?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार २० प्रौढांपैकी सुमारे १ जण आयुष्यात कधी ना कधी नैराश्यातून जातो. ६० जणांच्या वर्गाला हे ढोबळमानाने लावले, तर ३ जण होतात. त्याहून गंभीर आकडा पुढचा: नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

नळातून पाणी येत नसेल, तर आपण पाइपलाइन टप्प्याटप्प्याने तपासतो. इथेही तसेच करू. तीन ठिकाणी गळती दिसते:

(अ) ओळख: हा आजार आहे हेच कळत नाही. “आळशी झालाय” असे म्हटले जाते.
(आ) उच्चार: कळते, पण लोक काय म्हणतील या भीतीने सांगितले जात नाही.
(इ) उपलब्धता: सांगितले, तरी जवळपास डॉक्टर किंवा औषध नसते.

३. संस्थेचे काम

आता याच तीन टप्प्यांवर एक संस्था तपासून पाहू. अभिनेत्री दीपिका पदुकोण यांना २०१४ मध्ये नैराश्याने गाठले. करिअर जोरात होते, वरवर कारण काहीच नव्हते. आई भेटायला आली असताना त्यांना रडू कोसळले. कामाचे काही बिनसले का, नात्यात काही झाले का, आईने एकेक विचारून पाहिले. कशालाच उत्तर मिळेना, तेव्हा हे रडणे वेगळे आहे आणि तज्ज्ञाची मदत हवी, हे आईने ओळखले. २०१५ मध्ये पदुकोण यांनी हे जाहीरपणे सांगितले आणि त्याच वर्षी ‘लिव्ह लव्ह लाफ’ ही संस्था स्थापन केली.

ओळखीसाठी संस्थेने शाळांत विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी सत्रे घेतली, तसेच सामान्य डॉक्टरांसाठीही प्रशिक्षण सुरू केले. हे महत्त्वाचे आहे, कारण डोकेदुखी किंवा धडधड घेऊन माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. उच्चारासाठी २०१६ मध्ये ‘दोबारा पूछो’ ही मोहीम झाली. “कसा आहेस?” याला “ठीक” असे उत्तर आले, तरी पुन्हा विचारा, इतकाच तिचा संदेश.

उपलब्धतेच्या टप्प्यावर पोस्टर उपयोगी पडत नाही. कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात संस्थेने २०१६ पासून स्थानिक संस्थेच्या साथीने ग्रामीण रुग्णांना उपचार आणि औषधे मिळवून देण्याचे काम केले. पुढे ओडिशा, तमिळनाडूतही तसे काम सुरू झाले.

४. मर्यादा

एक संस्था देशाची आरोग्यसेवा उभारू शकत नाही. ती जबाबदारी शासनाची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासनाकडून चालवल्या जाणाऱ्या किंवा अनुदानित मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन चालू आहे: क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. जागृतीने माणूस दारापर्यंत येतो. दार उघडे असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची मागणी करणे हाही जागृतीचाच भाग.

५. तुम्ही काय कराल?

• खोलीतला मित्र मेसला येत नसेल, तर विचारा. “काही नाही” म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.
• ऐका. “मन घट्ट कर” हा सल्ला देऊ नका. मोडलेल्या पायाला आपण “चाल” म्हणत नाही.
• आत्महत्येची शंका आली, तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्याला एकटे सोडू नका, आणि गुपित राखण्याचे वचन देऊ नका. घरच्यांना, वॉर्डनला किंवा शिक्षकांना लगेच सांगा.
• औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत.
• हे सारे तुमच्याच बाबतीत घडत असेल, तर आज एका माणसाला सांगा.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयात वरील तीनपैकी कोणत्या टप्प्यावर गळती सर्वाधिक आहे? कारणे द्या.
२. समुपदेशकाची खोली कुठे आहे आणि ती कधी उघडी असते, ते शोधा. सापडायला किती वेळ लागला, तेही लिहा.
३. या आठवड्यात एका व्यक्तीला दोनदा विचारा. हे उत्तर वहीत लिहायचे नाही.