सरी मोजणारी माणसे



लागण, खत, पाणी आणि उतारा यांविषयी आम्ही या पानावर दर अंकात लिहितो. या खेपेस पीक जरा बाजूस ठेवून पीक काढणाऱ्या माणसाविषयी लिहावयाचे आहे. निमित्त झाले ते आपल्याच एका सभासदाचे.

सन २०२३ च्या ऑगस्ट अखेरीची गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदीची मुदत संपून आठवडा झाला होता. गट ऑफिसात गर्दी, डोक्यावर खडखडणारा पंखा, बाहेर ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली. अशात एक चाळिशीचे गृहस्थ दारातच थबकले. हातात सातबारा, नजर जमिनीकडे. "नोंद राहिली," एवढेच म्हणाले. सलग दुसरे वर्ष. आमच्यापैकी एकाने सर्वांदेखत सुनावले, "मुदत काय तुमच्या सोयीनं ठेवायची का?" गृहस्थांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि अक्षर न बोलता निघून गेले. मागून कोणी तरी म्हणाले, "चक्रम आहे तो. जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसात गर्दी होण्याच्या आत, ते परत आले. टेबलावर एक वही ठेवून गप्प बसून राहिले. वहीत अकरा वर्षांचा हिशेब होता. कोणत्या सरीत कोणत्या तारखेस बेणे लावले, उगवण किती झाली, पाण्याच्या पाळ्या किती, रोजचा पाऊस किती, एकरी टनेज किती. हुमणी पहिल्यांदा कोणत्या पट्ट्यात दिसली, तीही तारखेनिशी. अशी वही आमच्या शेतकी खात्यातही नाही, हे कबूल केले पाहिजे. नोंद कशीबशी उशिराने झाली. आम्ही वहीचे नवल केले आणि विसरून गेलो.

मग २०२५ चा जुलै आला. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी दारात पहिले उभे कोण, तर हेच गृहस्थ! सातबाऱ्याबरोबर त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली. तीवर लिहिले होते : "मला तोंडी सांगितलेलं राहत नाही. तारीख लिहून द्यावी. ओरडू नये. मला ऐकू येतं."

ती चिठ्ठी वाचून आम्हांस आपल्या जुन्या बोलण्याची लाज वाटली. त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. "नाव छापू नका, लेकीचं लग्न जमवायचंय," एवढी एकच अट त्यांनी घातली. ती आम्ही पाळतो आहोत.

पोराच्या निमित्ताने बापाचे निदान

साडेचार एकर जमीन, एक विहीर, दोन म्हशी. थोरले बंधू शेजारच्या बांधाला. गावाने या सभासदाला लहानपणापासून तीन नावे दिलेली : वेंधळा, एकलकोंडा आणि अर्धवट. रात्रीच्या लाईटीवर मोटर चालू करायची आणि चांदण्यात पिकाचे फुटवे मोजत बसायचे. पाणी शेजाऱ्याच्या रानात गेले की सकाळी भांडण. खताची पोती एकदा आणली असताना पुन्हा आणायची. लग्नात बँड सुरू झाला की मंडपातून पळ काढायचा. कोणी रीतीप्रमाणे "या की एकदा घरी" म्हटले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्या दारात हजर.

सोसायटीचे कर्ज थकले तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "तुझ्या हातनं शेती व्हायची नाही. रान मला वाट्यानं दे आन् तू कुठंतरी पगारावर जा." आमचे सभासद जवळजवळ तयार झाले होते. "तवा हे रात्र रात्र जागायचे," त्यांच्या पत्नी सांगत होत्या. "विहिरीकडं गेले की मी पण मागनं जायची. बोलायची न्हाई, नुसती जायची."

२०२४ च्या डिसेंबरात चौथीतल्या मुलाला शाळेच्या गुरुजींनी तपासून घ्यायला सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ मुलाविषयी एकेक प्रश्न विचारत होते. "पोराचं विचारत होते आन् हे शेजारी मान हलवत होते," बाई हसून म्हणाल्या. शेवटी हे म्हणाले, "साहेब, हे सगळं तर तुम्ही माझंच सांगताय." डॉक्टरांनी त्यांना पुन्हा दोनदा बोलावले, म्हाताऱ्या आईकडून लहानपणची हकीकत काढून घेतली आणि दोन नावे सांगितली. पहिले ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. दुसरे एडीएचडी, म्हणजे लक्ष ताब्यात न राहणे व अतिचंचलता.

एका जुवाला दोन बैल

हे दोन्ही जन्मापासूनचे मेंदूचे घडणे असते. आईबापांच्या वळणाने, लसीने वा करणीने ते होत नाही. पुष्कळदा ते घराण्यात चालत येते. रक्त तपासून कळत नाही. माणसाची सारी हकीकत ऐकूनच निदान करावे लागते.

स्वमग्न माणसाला ठरलेला क्रम लागतो. गोंगाट, झगमगाट, खरखरीत कापड यांचा त्याला इतरांपेक्षा फार त्रास होऊ शकतो. बोलण्यातली खोच व नुसता शिष्टाचार त्याला चटकन उमगत नाही. आवडीच्या एका गोष्टीत मात्र तो तळापर्यंत उतरतो. एडीएचडीच्या माणसाचे तसे नाही. त्याला नवे हवे असते. कंटाळवाणे काम त्याच्याने सुरूच होत नाही, वेळेचा अंदाज लागत नाही, हातातली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही.

आता हे दोन्ही एकाच माणसात असले म्हणजे काय होत असेल? एका जुवाला दोन बैल : एक म्हणतो कालचीच वाट, दुसरा म्हणतो नवे रान. क्रम मोडला तर जीव घाबरा होतो, आणि क्रम पाळावा म्हटले तर पाळता येत नाही. शिवाय एकामुळे दुसरे झाकले जाते. वहीतला नेटकेपणा पाहून कोणी म्हणत नाही की हा विसराळू आहे, आणि विसराळूपणा पाहून कोणी वही उघडत नाही. दिवसभर चारचौघांसारखे वागण्याचा आटापिटा करून असा माणूस थकून जातो. त्यातून चिंता व उदासी येते. काही जण दारूकडे वळतात.

मग हे इतक्या उशिरा का कळावे? त्यालाही कारण आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या ज्या ग्रंथावरून जगभर निदान केले जाते, त्याच्या १९९४ च्या आवृत्तीत नियम होता की स्वमग्नता असेल तर एडीएचडीचे निदान वेगळे करू नये. हा नियम २०१३ साली निघाला. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांचे बालपण त्यापूर्वीच सरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे सुमारे १ माणूस स्वमग्न होता. आपल्या वार्षिक सभेच्या मंडपात किती लोक बसतात, त्यावरून हिशेब ज्याचा त्याने करावा.

मक्याच्या ओळी मोजणारा डोनाल्ड

या सभासदाची वही पाहून आम्हांस एका अमेरिकन शेतावरची हकीकत आठवली. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत छापून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. तो तीन-चार वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवले गेले होते; पुढे आईबापांनी परत आणले. १९४२ साली त्यांनी त्याला घरापासून जवळच एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास ठेवले.

डोनाल्डला मोजण्याचा नाद. मक्याच्या ओळी पुन:पुन्हा मोजत राही. त्या शेतकऱ्याने त्याला दटावले नाही. घोडा-नांगर हाती दिला आणि सांगितले, नांगरता नांगरता मोज. मापे घेत सुटला तेव्हा त्याला विहीर खणायला लावले आणि खोली किती झाली ते सांगायला लावले. कॅनर स्वतः पाहावयास गेले, तेव्हा पोरगा उत्तम नांगर चालवीत होता. हाच डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस राहिला, स्वतःची मोटार चालवी, गोल्फ खेळे, परदेशी प्रवास करी. गावाने त्याला आपला म्हणून सांभाळले. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला.

डोनाल्डची नोंद स्वमग्नतेपुरतीच आहे. पण त्या शेतकऱ्याने जे केले ते दोन्हींना लागू पडते. त्याने माणूस मोडून कामात बसवला नाही, काम माणसाला जुळवून घेतले. आपणही खोडव्याला नव्या लागणीचे वेळापत्रक लावीत नाही.

वस्तीवरची व्यवस्था

आमच्या सभासदाच्या घरी आम्ही जे पाहिले ते जसेच्या तसे देतो. कोणाच्या उपयोगी पडेल.

(१) दाराला काळा फळा. त्यावर दिवसाची तीनच कामे. चौथे लिहावयाचे नाही.

(२) मोटरीला ठरल्या वेळी आपोआप बंद होणारा टायमर. "डोक्यावर भरवसा ठेवायचा सोडला, तेव्हापास्नं शेजाऱ्याशी भांडण नाही," असे ते म्हणाले.

(३) उठणे, धारा काढणे, जेवण व झोप यांच्या वेळा पक्क्या. मधल्या कामांचा क्रम मात्र मनाला येईल तसा. त्यांच्या पत्नीचे शब्द आम्हांस फार आवडले : "खुंटी पक्की, दावं लांब."

(४) कागदपत्राचे काम एकट्याने करावयाचे नाही. लेक शेजारी अभ्यासाला बसते, हे आपले अर्ज भरतात. ती काही मदत करीत नाही, नुसती बसते. तेवढ्याने काम उरकते.

(५) घरात "सवडीनं बघू" हे शब्द बंद. "बुधवारी सकाळी दहाला" असेच बोलावयाचे.

(६) काट्यावर जाताना कानांत बोळे. लग्नाला बँडच्या आधी जाऊन आहेर करून परत. बाजारच्या दिवशी परतल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी काही विचारीत नाही.

औषधाचेही सांगितले पाहिजे. एडीएचडीवर गोळ्या आहेत. त्या मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच व देखरेखीखालीच घ्यावयाच्या. स्वमग्नता घालविणारे औषध नाही, आणि "पूर्ण बरा करतो" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. आमच्या सभासदाला गोळीने लक्ष लागू लागले, पण आवाज पूर्वीपेक्षा जास्त बोचू लागले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा बदलून दिली. सांगितले म्हणून बदलली, हे ध्यानात घ्यावे.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मे महिन्यात पाण्याची एक पाळी चुकलीच. थोरले बंधू अजून पुरते राजी नाहीत. वही चाळून झाल्यावर एवढेच म्हणाले, "बघतो एक हंगाम." जमीन तूर्त राहिली आहे. हा ऊस तुटेल तेव्हा टनेज कळेल.

आपण काय करावे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र शासकीय व्यवस्थेतून मिळते. एडीएचडीचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. आपल्या घरात असे कोणी असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवावे. जाण्याचा संकोच वाटत असेल, तर टेलि-मानस ही केंद्र शासनाची सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. पैसे पडत नाहीत.

आमच्यापुरते म्हणाल, तर गट ऑफिसने ठरविले आहे की नोंदीची तारीख मागणाऱ्या प्रत्येक सभासदास ती कागदावर लिहून द्यावयाची. चिटबॉयलाही तशी ताकीद आहे. कारण विचारले जाणार नाही.

निघताना आम्ही विचारले, "आणखी काही सुचवायचं आहे का?" ते थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या ऑफिसच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. दोन वर्षं झाली."

बेअरिंग बदलले. खडखड थांबल्यावर आमच्या कारकुनाने मान वर करून पंखा फिरतो आहे ना, ते पाहिले. "साहेब," तो म्हणाला, "मला वाटायचं, डोकं कामानं दुखतंय."