जिनिव्हा ते उमरखेड : दुचाकीच्या धुराची तीन दशके

उमरखेड तालुक्याचा संसार दुचाकीवर चालतो. विडूळ, ढाणकी, मुळावा, बिटरगाव इथून बाजाराला, दवाखान्यात, कोर्टकचेरीत माणूस येतो तो गाडीला किक मारून. बियाण्याची पिशवी, दुधाचे कॅन, शाळेत जाणारी दोन लेकरं, सगळं त्याच सीटवर. म्हणून दुचाकीच्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडावं याचा नियम हा केवळ दिल्ली-मुंबईच्या हवेचा प्रश्न नाही. तो नियम आपल्या गाडीची किंमत ठरवतो, मिस्त्रीचं काम ठरवतो आणि गाडीमागे चालणाऱ्याच्या छातीत काय जातं हेही ठरवतो. गेल्या पस्तीस वर्षांत हे नियम आधी देशात आणि मग जगाशी एकसारखे होत गेले. ही वाटचाल नीट तपासण्याजोगी आहे.

सुरुवात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून होते. गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन मंद चालू असताना धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा, एवढंच तेव्हा होतं. १९९१ साली पहिल्यांदा 'दर किलोमीटरला किती ग्रॅम' अशी मर्यादा आली. ती फार सैल होती. दुचाकीच्या वजनानुसार १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत असे. १९९६ मध्ये ती ४.५ ग्रॅमवर आली, २००० मध्ये २ ग्रॅमवर. याच काळात राजदूत, येझदी, आरएक्स १००, जुनी चेतक, एम ८० या टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू रस्त्यावरून गेल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि निळसर धूर मागे सोडत जायचं, हे त्या गाड्यांचं रोजचं चित्र. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो, त्यामुळे कडक मर्यादेत ते इंजिन बसवणं अवघड होत गेलं. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी खेड्यापाड्यांत पसरली ती ॲव्हरेजमुळे, हे खरंच. पण तिच्या बाजूने नियमही उभा होता.

मर्यादा ठरवली तरी ती मोजायची कशी, हा त्याहून अवघड प्रश्न. त्याचं भारतीय उत्तर पुण्यात तयार झालं. कोथरूडजवळ वेताळ टेकडीच्या अंगाला १९६६ साली उभी राहिलेली एआरएआय ही संस्था आपल्याकडच्या गाड्यांची चाचणी करते. नगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही या कामात आहे. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग वाढवत, कमी करत, थांबवत चालवतात. धूर पिशव्यांत गोळा करून त्याचं पृथक्करण करतात. आपल्या जुन्या भारतीय चाचणीचं एक आवर्तन १०८ सेकंदांचं होतं आणि ते सहा वेळा फिरवत. सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आसपास. भर वस्तीतल्या गर्दीचा तो वेग होता. उमरखेडच्या भाजीबाजारातून गाडी काढताना हाच वेग असतो. पण तीच गाडी हदगावच्या किंवा महागावच्या दिशेने नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागली की साठाच्या पुढे जाते. त्या वेगाचा धूर या चाचणीत मोजलाच जात नव्हता.

युरोपची चाचणी वेगळी, जपानची वेगळी, आपली वेगळी. एकच गाडी तीन देशांत विकायची तर तीनदा तपासायची, आणि तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहायची सोय नाही. यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हा इथे वाहन-नियमांचं काम पाहणाऱ्या व्यासपीठावर जून २००५ मध्ये मोटारसायकलींची जागतिक चाचणी मंजूर झाली. भारत २००६ मध्ये त्यामागच्या १९९८ च्या करारात सामील झाला. या चाचणीचे प्रत्येकी ६०० सेकंदांचे तीन भाग आहेत आणि तिसऱ्या भागात वेग ताशी १२५ किलोमीटरपर्यंत जातो. आपल्या शंभर सीसीच्या गाडीला तो वेग झेपणारच नाही. म्हणून गाड्यांचे वर्ग पाडले. १५० सीसीहून लहान आणि ताशी १०० किलोमीटरच्या आत पळणारी गाडी पहिल्या वर्गात येते आणि तिची चाचणी ५० च्या वेगापर्यंतच होते. म्हणजे शेतकऱ्याच्या गाडीला तिचं माप मिळालं, पण मोजण्याची रीत जगाची राहिली. एकसारखेपणा असा हवा, असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजायचं, पण बैलाला घोड्याच्या शर्यतीत उतरवायचं नाही.

ही चाचणी आपल्याकडे 'भारत स्टेज-४' म्हणजे बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर लागू झाली. नव्या मॉडेलना एप्रिल २०१६ पासून, सगळ्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून. इथे आकड्यांची एक गंमत नीट समजून घ्यावी लागते. २०१० च्या बीएस-३ मध्ये दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १ ग्रॅम होती. बीएस-४ मध्ये लहान गाड्यांना ती १.४०३ ग्रॅम झाली. आकडा वाढला, म्हणजे नियम सैल झाला का? तसं नाही. नव्या चाचणीत इंजिन थंड असतानाच मोजणी सुरू होते, आणि थंड इंजिन सर्वाधिक घाण टाकतं. पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याची गाडी थंडच असते. चाचणी सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, हे वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचतानाही ध्यानात ठेवायला हवं.

देशातला दुभंग मात्र इंधनात होता. डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने २००२ साली जो आराखडा दिला, त्यात मोठी शहरं पुढे आणि बाकी देश मागे अशी पायरी होती. तिचं कारण व्यवहारी होतं. देशातल्या सगळ्या रिफायनऱ्या एका दिवसात बदलत नाहीत. पण त्याचा परिणाम असा झाला की २०१० मध्ये ज्या १३ शहरांना बीएस-४ इंधन मिळालं, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. नागपूर नव्हतं, मग उमरखेडचं नाव कुठून यावं? पुण्याच्या पंपावर पेट्रोलमधलं गंधक दहा लाख भागांत ५०, आपल्या पंपावर १५०. गंधक सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतं. मोटारींनाही दोन नियम: पुण्यात नवी गाडी बीएस-४ ची, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बीएस-३ ची चाले. दुचाकीला मात्र २००० पासून प्रत्येक टप्प्यावर देशभर एकच नियम राहिला. गरिबाच्या गाडीला आधी समान नियम मिळाला आणि श्रीमंताच्या गाडीला नंतर, ही नोंद सहसा कोणी करत नाही. शहर आणि खेड्यातला इंधनाचा हा भेद २०१७ मध्ये मिटला. २०२० मध्ये गंधक सगळीकडे १० वर आलं.

२०१७ चा पाडवा २८ मार्चला होता. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली. देशभरात तेव्हा अशा सव्वाआठ लाखांच्या घरात गाड्या पडून होत्या, आणि त्यांतल्या पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी होत्या. पुण्याच्या बजाज ऑटोने या वादात विक्रीबंदीची बाजू घेतली होती. शेवटच्या दोन दिवसांत हजारोंची सूट निघाली आणि शोरूमपुढे रांगा लागल्या. ज्यांनी पाडव्याला पूर्ण किमतीत गाडी घेतली, ते हळहळले. पण त्या सवलतीत घेतलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि अजून बरीच वर्षं राहतील. खेड्यात गाडी पंधरा वर्षं सहज चालते, मग धाकट्या भावाकडे जाते.

२०२० चा पाडवा टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, २५ मार्चला आला आणि १ एप्रिलला, बंद शोरूमच्या दारात, बीएस-६ लागू झालं. बीएस-५ ची पायरी देशाने २०१६ मध्येच गाळायची ठरवली होती. कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१, नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम. युरोपच्या युरो-५ मोटारसायकलींच्या मर्यादाही याच. आपल्या दुचाकीचा नियम आणि युरोपचा नियम एकाच वर्षात, एकाच आकड्यावर आला. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. गाडीतली यंत्रणाच आता स्वतःच्या बिघाडावर नजर ठेवते. तारेने कार्बोरेटरचा जेट साफ करून गाडी सुरू करणाऱ्या मिस्त्रीला आता स्कॅनर लागतो.

कारखान्याच्या दारापर्यंत हे सगळं ठीक झालं. दाराबाहेरची कथा वेगळी आहे. रस्त्यावर गाडीची तपासणी म्हणजे पीयूसी, आणि ती अजून १९८९ च्याच पद्धतीची आहे: गाडी उभी, इंजिन मंद, सायलेन्सरमध्ये नळी. २००० नंतरच्या बीएस-३ पर्यंतच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम चालतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. प्रयोगशाळेत ग्रॅम, रस्त्यावर टक्के, आणि दोहोंचा मेळ नाही.

तरी एक चांगलं पाऊल पडलं. जून २०२१ च्या अधिसूचनेने पीयूसीचा नमुना देशभर एक झाला. त्यावर क्यूआर कोड, नोंद राष्ट्रीय वाहन-नोंदणीशी जोडलेली, मालकाचा मोबाइल नंबर, आणि गाडी नापास झाली तर कारणासह नकाराची चिठ्ठी. पण नमुना एक झाल्याने तपासणी खरी होत नाही. गाडी न आणता, नुसता नंबर सांगून कागद मिळतो अशा तक्रारी राज्यात नव्या नाहीत. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरवर असलेल्या तालुक्यात तपासणीची यंत्रं कितपत अचूक आहेत हे वरचेवर पडताळलं गेलं पाहिजे. मिस्त्रींना इंजेक्शनच्या गाड्यांचं प्रशिक्षण तालुक्याच्या गावी मिळालं पाहिजे, आणि दुचाकीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइडही यायला हवा. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आणि परिवहन विभागाकडे आपण करायची आहे.

आणि एक मागणी स्वतःकडे. पुढच्या वेळी पीयूसी काढायला जाल तेव्हा गाडी सोबत न्या, नळी सायलेन्सरमध्ये घालायला सांगा, पडद्यावरचा आकडा वाचा आणि मोबाइल नंबर आपलाच लिहून घ्या. आकडा जास्त आला तर कागद मागू नका, गाडी मिस्त्रीकडे न्या.